आपलं गाणं ऐकायला म्युझिक प्लेअरसोबत कुठले इअरफोन घ्यावेत

परत वेगळा म्युझिक प्लेअर वापरणारे बरेच जण दिसायला लागलेत, कोणी जुन्या आयपॉडची बॅटरी बदलून घेतलीय, कोणाकडे सोनीचा वॉकमन आहे, कोणी फिओ नाहीतर हायबीचा छोटा प्लेअर घेतलाय, आणि त्यात घरातल्या कॅसेटवरून उतरवलेल्या मैफिली, आकाशवाणीवरची जुनी रेकॉर्डिंग, अभंग, नाट्यगीतं असं सगळं वर्षानुवर्षं जमवलेलं भरून ठेवलेलं असतं. एवढी मेहनत केल्यावर ऐकायला मात्र फोनच्या डब्यात आलेले इअरफोन. तेच बदलायचे असतील तर काय बघायचं, कुठे पैसे घालायचे आणि कुठे अजिबात घालायचे नाहीत, ते इथे लिहितेय. मी स्वतः मुख्यतः हिंदुस्थानी गायन, नाट्यसंगीत, भजन, भावगीत ऐकते त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, कारण इअरफोनचे बहुतेक रिव्ह्यू रॉक, पॉप, इलेक्ट्रॉनिक म्युझिक लावून लिहिलेले असतात आणि त्यांचं ऐकून घेतलेला इअरफोन ख्यालाला मानवेलच असं नसतं.

क्रम असा लावायचा. पहिलं, इअरफोन तुमच्या कानात नीट बसतोय का. दुसरं, त्याचं ट्यूनिंग, म्हणजे खालचे, मधले, वरचे सूर तो किती जोरात वाजवतो ते, तुम्ही जे ऐकता त्याला चालतंय का. तिसरं, तुमच्या प्लेअरशी त्याचं जमतंय का. ड्रायव्हर, म्हणजे आत आवाज काढणारे भाग, किती आहेत, केबल चांदीची का तांब्याची, डब्यावर हाय-रेझचा सोनेरी शिक्का आहे का, हे सगळं त्याच्यानंतर, आणि खरं सांगायचं तर तिथपर्यंत जायची बऱ्याचदा गरजच पडत नाही. त्या शिक्क्याची मुख्य अट एवढीच की इअरफोन ४० किलोहर्ट्झपर्यंत वाजला पाहिजे, आणि आपल्याला तरुणपणी, कान उत्तम असतानासुद्धा साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, वय वाढतं तसं अजून कमी, मग त्या शिक्क्यावरून गाणं कसं ऐकू येईल हे कसं कळणार?

आता कानाचं. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो आणि लोक सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात. कानाच्या आत जाणारा इअरफोन कानाची वाट पूर्ण बंद करून वाजतो, टिप, म्हणजे कानात जाणारं मऊ टोक, आणि कानाच्या कातडीमधे जराशी जरी फट राहिली तरी खालचे सूर तिथून निसटतात. डग्ग्याची घुमार जाते, तंबोऱ्याचा खर्ज जातो, गाणाऱ्याचा आवाज टेलिफोनवर आल्यासारखा पातळ होतो आणि बेस (खालचे सूर) गेल्यामुळे ट्रेबल (वरचे सूर) जास्त वाटून सगळंच कर्कश लागतं. "बेसच नाही, नुसता टोचतो" अशी तक्रार ज्या इअरफोनबद्दल होते त्यातले कितीतरी मुळात चांगले असतात, फक्त टिप चुकीची लागलेली असते. डब्यात लहान, मध्यम, मोठी असे तीन जोड येतात आणि मधली आधीच लावलेली असते, लोक तीच वापरत राहतात. तिन्ही लावून बघा, आणि डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळं माप लागलं तर ते अगदी नॉर्मल आहे, खूप जणांचे दोन्ही कान सारखे नसतात.

घालायची पण पद्धत आहे. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग हलकेच वर आणि मागे ओढायचा, त्याने आतली वळणाची वाट सरळ होते, मग इअरफोन थोडासा फिरवत आत न्यायचा आणि कान सोडायचा. बाहेरचा पंखा, टीव्ही, बोलणं एकदम मागे गेलं म्हणजे सील झालं. खात्री करायची असेल तर ५० हर्ट्झचा सलग टोन असलेली फाइल प्लेअरमधे टाकून ठेवा आणि हळू आवाजात लावा, दोन्ही कानात सारखा आणि भरीव ऐकू आला पाहिजे, मग तोंड उघडझाप करून बघा, जबडा हलल्यावर टोन एका बाजूने गायब होत असेल तर त्या बाजूला एक माप मोठी टिप लावा. उलट दहा-पंधरा मिनिटांत कान दुखायला लागला तर टिप मोठी आहे किंवा इअरफोनचं नळकांडं, म्हणजे नॉझल, तुमच्या कानाला जाड आहे. तसं असेल तर कितीही नावाजलेला इअरफोन असू दे, सोडून द्या. दुसऱ्याच्या पायाच्या मापाने आपण चप्पल घेत नाही तसंच आहे हे.

टिप्सचे प्रकार पण थोडे समजून घ्या कारण चारपाचशे रुपयांच्या टिप्स कधीकधी नव्या इअरफोनएवढा फरक करून जातात. सिलिकॉनच्या टिपचं आतलं भोक अरुंद असेल तर साधारणपणे आवाज जरा भरीव आणि ट्रेबल थोडा शांत होतो, भोक रुंद असेल तर ट्रेबल मोकळा होतो. फायनल कंपनीच्या टाइप ई, स्पिनफिट, अझलाच्या सेडना या टिप्स भारतातही मिळतात. फोमच्या टिप्स दाबून बारीक करून कानात घालायच्या, त्या आत फुगून बसतात, बाहेरचा आवाज छान अडवतात आणि ट्रेबलची धार थोडी बोथट करतात, त्यामुळे टोचणाऱ्या इअरफोनला त्या चांगल्या, पण काही महिन्यांत खराब होतात आणि घामाने, कानाच्या मळाने लवकर कळकट होतात म्हणून पुन्हापुन्हा घ्यायची तयारी ठेवा. टिप किती आत जाते त्यावरही वरचे सूर बदलतात, म्हणून एकच इअरफोन दोघांना वेगळा ऐकू येतो आणि दोघंही खरंच सांगत असतात. वायर कानावरून मागे न्यायची असेल अशी रचना असेल तर तशीच न्या, सुरुवातीला विचित्र वाटतं पण वायर कपड्याला घासल्याची जी खरखर कानात येते ती जवळजवळ बंद होते आणि इअरफोन ओढलाही जात नाही.

बसायचं जमलं की मग ट्यूनिंग. इथे आपण काय ऐकतो ते महत्त्वाचं. पुरुष गायक पांढरी एकमधे गात असेल तर त्याचा मध्य सा साधारण १३१ हर्ट्झला असतो, बाई काळी चार किंवा काळी पाचमधे गात असतील तर तो २०८ किंवा २३३ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे तार सप्तकातल्या पंचमापर्यंत गेलं तरी मूळ सूर ७०० हर्ट्झच्या आत-बाहेरच राहतो, त्याच्या वर असतात ते त्या सुराचे स्वयंभू स्वर, आवाजाची जात त्यांच्यावरून कळते. सांगायचा मुद्दा असा की गाण्याचा जीव मिडमधे आहे, म्हणजे साधारण २०० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि ज्या इअरफोनमधे बेस आणि ट्रेबल दोन्ही फुगवून मधला भाग खाली ठेवलाय, ज्याला व्ही शेप म्हणतात, तो दुकानात दोन मिनिटं ऐकला की जबरदस्त वाटतो पण विलंबित ख्याल लावला की गाणारा तबल्याच्या मागे जाऊन बसल्यासारखा वाटतो. मला हे अजिबात सहन होत नाही आणि आपलं गाणं ऐकणाऱ्या कोणालाही मी असा इअरफोन घ्या म्हणून सांगणार नाही.

तंबोरा हा ट्यूनिंग ओळखायचा सगळ्यात चांगला मार्ग आहे. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार पांढरी एकमधे ६५ हर्ट्झला लागते पण तिचा मूळ सूर तसा क्षीण असतो, आपल्याला ऐकू येते ती जवारीतून उठलेली स्वरांची मालिका, ती थेट काही हजार हर्ट्झपर्यंत जाते. चांगल्या इअरफोनवर तार छेडल्यावर ही मालिका एकसंध उलगडत जाते, मधेच एखादा तुकडा वर उसळत नाही की मधेच पोकळी जाणवत नाही. एखाद्या इअरफोनवर तंबोरा नुसता झणझण असा पत्र्यासारखा लागला तर समजा वरच्या भागात उंचवटा आहे. नुसता घुंघुं लागला तर वरचा भाग दाबलाय.

आणि अभंग. टाळांचा सगळा जोर काही हजार हर्ट्झच्या वर असतो आणि इअरफोनच्या ट्रेबलमधे ५ ते ८ किलोहर्ट्झच्या मधे कुठे टोकदार उंचवटा असेल तर टाळ-पखवाजाचं रेकॉर्डिंग लावल्यावर पाच मिनिटांत कळतं, पखवाज आणि शब्द बाजूला राहतात आणि टाळ कानात सुईसारखे जातात. त्याच जागेवर स, श, च हे उच्चार पण टोचतात. आपल्याकडे हा प्रश्न जरा जास्तच येतो कारण आपण ऐकतो त्यातलं बरंचसं जुनं आहे. ७८ आरपीएमच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून उतरवलेलं, कॅसेटच्या फसफशीसकट आलेलं, कोणीतरी १२८ केबीपीएसचं, म्हणजे बरंच दाबून लहान केलेलं, एमपीथ्री करून ठेवलेलं. अशा रेकॉर्डिंगवर चकचकीत ट्रेबलचा इअरफोन म्हणजे शिक्षा आहे, तो गाण्याच्या आधी खरखर ऐकवतो. ज्यांच्या प्लेअरमधे निम्म्याच्या वर जुनी रेकॉर्डिंग आहेत त्यांनी मऊ ट्रेबलचा, थोडा उबदार आवाजाचा इअरफोन घ्यावा, डिटेल कितीही कमी म्हणोत लोक. ज्यांच्याकडे मुख्यतः नवी, स्टुडिओतली स्वच्छ रेकॉर्डिंग आहेत त्यांना मोकळा ट्रेबल चालेल, आणि संतूर, सतार, व्हायोलिन ऐकणाऱ्यांना तो आवडेलही.

ग्राफ वाचता आला तर घरबसल्या बरंच कळतं. इंटरनेटवर जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा फ्रीक्वेन्सी ग्राफ सापडतो, डावीकडे खालचे सूर, उजवीकडे वरचे. साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा डोंगर दिसला तर घाबरू नका, तो असायलाच पाहिजे, आपल्या बाह्यकर्णाच्या आणि कानाच्या वाटेच्या आकारामुळे हा भाग नैसर्गिकपणे वाढून ऐकू येतो आणि इअरफोन त्या सगळ्याला वळसा घालून थेट आत वाजत असल्यामुळे त्याला ती वाढ स्वतः करून द्यावी लागते. बघायचं ते असं की बेसचा चढ २०० हर्ट्झच्या खालीच आटोपतोय का, का ४००-५०० पर्यंत पसरलाय (पसरला असेल तर आवाज दबलेला, कोंदट लागेल), आणि ५ ते ८ किलोहर्ट्झमधे एकटं टोक वर आलंय का. ८ किलोहर्ट्झच्या पुढचं फार मनावर घेऊ नका, मोजायच्या यंत्रातच त्या आसपास स्वतःचा एक उंचवटा येतो आणि तो टिप किती आत घातली त्यावर सरकतो. हरमनच्या टार्गेटचं नाव तुम्हाला जागोजागी दिसेल, हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच लोकांना ऐकवून, त्यांना काय आवडतं ते बघून काढलेली ती रेषा आहे, आणि सुरुवातीचा अंदाज म्हणून उत्तम आहे. पण त्यात २००-३०० हर्ट्झच्या आसपासचा भाग जरा बारीक आहे, पॉपमधे त्याने सगळं स्वच्छ वाटतं, आपल्याकडे मात्र भरदार पुरुषी आवाज आणि पेटी थोडी कृश लागते. म्हणून मी त्या रेषेपेक्षा तिथे किंचित भरलेला इअरफोन पसंत करते.

ड्रायव्हरच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. डायनॅमिक म्हणजे छोटा स्पीकरच, पडदा हलतो, बेस नैसर्गिक लागतो, डग्ग्याची मींड, तळहाताने दाबून सूर वर नेतात ना, ती यात छान येते. बॅलन्स्ड आर्मेचर मूळचा श्रवणयंत्रांतला, एटिमोटिकने १९९१ मधे ईआर-४ काढला तो याच जातीचा. तो बारीक असतो, शब्द आणि वरचे सूर स्वच्छ देतो. हायब्रिडमधे दोन्ही असतात, प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याचे, आता स्वस्तातही यायला लागलेत. एका चांगल्या डायनॅमिक ड्रायव्हरचा इअरफोन घाईघाईत जोडलेल्या आठ ड्रायव्हरवाल्याला सहज मागे टाकतो, त्यामुळे आकड्याकडे बघून पैसे देऊ नका. एवढं पुरे.

आता प्लेअरशी जुळणी. इथे दोन आकडे लागतात, सेन्सिटिव्हिटी आणि इम्पिडन्स (विजेला होणारा रोध, ओहममधे). सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वीज दिली की किती मोठा आवाज येतो, पण काही कंपन्या ती एका मिलीवॉटला लिहितात आणि काही एका व्होल्टला, आणि दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवून तुलना केली की सगळा घोळ होतो. मिलीवॉटचा आकडा व्होल्टमधे आणायचा तर ३२ ओहमच्या इअरफोनला १५ मिळवा, १६ ओहमच्याला १८ मिळवा. म्हणजे १६ ओहम आणि मिलीवॉटला १०० डेसिबल असा फायनल ई३००० घेतला, जो वाजवायला अवघड मानला जातो, तरी तो एका व्होल्टला ११८ डेसिबल देतो. तुमच्या छोट्या प्लेअरने अर्धा व्होल्ट जरी दिला तरी ११२ डेसिबल, कानाला इजा होईल इतकं. त्यामुळे कानातल्या इअरफोनसाठी वेगळा ॲम्प, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, घ्यायला कोणी सांगत असेल तर आधी प्लेअरचा व्हॉल्यूम किती वर ठेवता ते बघा, पाऊण पट्टीच्या आत काम होत असेल तर ॲम्पची गरज नाही. एकच अपवाद सांगते, युरोपात विकायला बनवलेल्या प्लेअरना तिथल्या नियमांमुळे आवाजाची मर्यादा घातलेली असते, जर्मनी-इंग्लंडकडच्या नातेवाइकांनी प्लेअर आणून दिला असेल आणि त्यात जुन्या मैफिलीचं रेकॉर्डिंग मुळातच हळू असेल तर आवाज कमी पडू शकतो, तिथे सेन्सिटिव्ह इअरफोन घ्या.

जास्त सेन्सिटिव्हचा उलटा त्रास म्हणजे हिस. खूप सेन्सिटिव्ह, अनेक आर्मेचरवाले इअरफोन प्लेअरच्या आतली सूं अशी खरखर पण ऐकवतात, आणि पहाटेच्या शांततेत आलाप ऐकताना ती फार जाणवते. तपासायला गाणं पॉज करून उपयोग नाही, बरेच प्लेअर पॉज केल्यावर आउटपुटच बंद करतात, पूर्ण शांत असलेली एक फाइल वाजवून बघा.

इम्पिडन्सचं थोडं बारीक आहे पण समजून घेण्यासारखं आहे. प्लेअरच्या जॅकचा स्वतःचा पण एक रोध असतो, आउटपुट इम्पिडन्स, आणि तो इअरफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या हिश्श्यापेक्षा कमी असावा असा एक सोपा नियम आहे, म्हणजे १६ ओहमच्या इअरफोनला प्लेअर २ ओहमच्या आतला. असं का, तर आर्मेचरवाल्या इअरफोनचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला सारखा नसतो. समजा एका इअरफोनचा तो १ किलोहर्ट्झला १६ आणि ५ किलोहर्ट्झला ८ ओहम आहे, आणि प्लेअर १० ओहमचा आहे, तर ५ किलोहर्ट्झचा भाग जवळजवळ ३ डेसिबलने खाली जातो, तोच प्लेअर १ ओहमचा असेल तर फक्त अर्धा डेसिबल. म्हणजे इअरफोन तोच, पण दोन प्लेअरवर दोन वेगळे आवाज. ट्रूथिअर कंपनीने झीरो रेड या इअरफोनच्या डब्यात १० ओहमची एक छोटी पिन दिलीय, ती मधे लावली की बेस वाढतो, याच तत्त्वावर. आताच्या बहुतेक फिओ, हायबी, शानलिंग प्लेअरचा आकडा छान कमी असतो आणि स्पेसिफिकेशनमधे लिहिलेला असतो. जुन्या प्लेअरवर असाल आणि आकडा सापडत नसेल तर एकाच डायनॅमिक ड्रायव्हरचा, ३२ ओहमच्या आसपासचा इअरफोन घ्या, त्याचा इम्पिडन्स बहुतेक सगळीकडे सारखा राहतो त्यामुळे कुठल्याही जॅकवर तो फारसा बदलत नाही.

प्लेअरला ४.४ मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या ऋण तारा वेगळ्या ठेवणारा, असेल तर तो वापरलाच पाहिजे असं काही नाही, त्यात व्होल्टेज जास्त मिळतं जे इअरफोनला लागत नाही. पण एक धोका लक्षात ठेवा, साध्या ३.५च्या इअरफोनला ॲडाप्टर लावून तो बॅलन्स्ड जॅकमधे कधीही खुपसू नका, डाव्या-उजव्या बाजूच्या ऋण तारा एकमेकींना चिकटतात आणि प्लेअरचा ॲम्प जळू शकतो.

मग घ्यायचं काय. भाव सारखे हलत असतात म्हणून साधारणच सांगते. दोन हजारांच्या आसपास मूनड्रॉपचा चू टू आणि सेव्हन हर्ट्झचा सॉल्नोट्स झीरो टू हे दोन्ही एका डायनॅमिक ड्रायव्हरचे, दोघांची केबल काढता येते, आणि डब्यातल्या इअरफोनवरून येणाऱ्याला पहिल्याच दिवशी फरक कळतो. झीरो टू पहिल्या झीरोपेक्षा उबदार आहे, तबला आणि पुरुषी आवाजाला मला तो जास्त पटतो. मऊ ट्रेबल, निवांत आवाज, जुनी रेकॉर्डिंग असं तुमचं असेल तर फायनल ई३००० बघा, फक्त त्याची केबल निघत नाही आणि मागे जाळी असल्यामुळे तो बाहेरचा आवाज कमी अडवतो, म्हणजे घरी ऐकायला, लोकलमधे नाही. लोकल, एसटी, विमान यातच तुमचं ऐकणं होत असेल तर शुअर एसई२१५ जुना असला तरी अजून कामाचा आहे, कानात घट्ट बसतो, बाहेरचं छान बंद करतो, ट्रेबल शांत आहे, बेस मात्र जाड आहे आणि डग्गा कधीकधी गाण्यावर चढतो. सहा-आठ हजारांपर्यंत जाणार असाल तर ट्रूथिअर हेक्सा, एक डायनॅमिक आणि तीन आर्मेचर, आवाज सरळ, स्वच्छ, बंदिशीचे शब्द अक्षर न् अक्षर कळतात, जुगलबंदीत वाद्यं वेगळी राहतात. झीरो रेड पण याच वळणाचा आहे पण त्याचं नॉझल जाड आहे, लहान कानांना त्रास होतो, आधी घालून बघितल्याशिवाय घेऊ नका. एटिमोटिकचा ईआर२एक्सआर तीन पाकळ्यांच्या टिपने कानात फार खोल जातो, सगळ्यांना ते सोसत नाही, पण ज्यांना जमतं त्यांना मिडमधे यापेक्षा खरं ऐकवणारं या पैशात मिळणं कठीण. याच्या वर वीस-पंचवीस हजार, लाख असे इअरफोन आहेत, पण तिथे पैशांच्या मानाने फरक फार बारीक होत जातो आणि तुमच्या फाइली १२८ केबीपीएसच्या असतील तर तो खर्च करण्याआधी चांगल्या फाइली शोधा. ते जास्त फायद्याचं आहे.

घेताना केबल काढता येणारा घ्यायचा प्रयत्न करा, इअरफोन बिघडतो तो बहुतेक वेळा जॅकपाशी नाहीतर कानापाशी वायर तुटून, आणि केबल बदलता आली तर काही शेकड्यात काम होतं. ०.७८ मिलिमीटरची टू-पिन आणि एमएमसीएक्स हे दोन जोड जास्त चालतात, दुसरी केबल घेताना आपला कुठला ते बघून घ्या. महागड्या चांदीच्या केबलने आवाज सुधारतो म्हणून पैसे घालू नका. भारतातलं बिल आणि वॉरंटी मिळेल तिथून घ्या, प्रसिद्ध मॉडेलच्या नकला बऱ्याच फिरतात, भाव अर्ध्यावर आलेला दिसला की थांबा. डबा उघडल्यावर कानात घालायची वस्तू बरेच दुकानदार परत घेत नाहीत, तो नियम आधी विचारा. दुकानात ऐकायला मिळत असेल तर तुमचा प्लेअर, तुमच्या टिप्स आणि तुम्हाला पाठ असलेली चारपाच रेकॉर्डिंग घेऊन जा. एक संथ आलाप तंबोऱ्यासकट, एक टाळांचा अभंग, एक जुनं खरखरीचं नाट्यगीत, एक ढोलकीची लावणी, एक तबला सोलो. दोन इअरफोनची तुलना करताना आवाजाची पातळी कानाने सारखी करून मगच करा कारण जो जरासा मोठा वाजतो तो नेहमी चांगला वाटतो, आणि ठरवायच्या आधी एकावर निदान अर्धा तास सलग ऐका.

नवा इअरफोन पहिल्या दिवशी विचित्र वाटला तर लगेच विकायला काढू नका, आठवडाभर फक्त तोच वापरा, कान जुन्या आवाजाला सवकलेले असतात. त्यानंतरही काही खटकत राहिलं तर प्लेअरच्या इक्वलायझरमधे ते थोडं सुधारता येतं. जुन्या आयपॉडवर, सॅन्सा क्लिपवर रॉकबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर चालतं आणि त्यात पॅरामेट्रिक इक्वलायझर आहे, म्हणजे कुठला सूर किती कमी-जास्त करायचा ते आपण ठरवू शकतो. टाळ टोचत असतील तर ६ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल कमी करा, आवाज कृश वाटला तर २५० हर्ट्झला दीड-दोन डेसिबल वाढवा, आणि जेवढं वाढवाल तेवढी प्रीॲम्पमधे, म्हणजे इक्वलायझरमधल्या एकूण पातळीत, कमी करा नाहीतर मोठ्या तानेला आवाज फाटेल.

व्हॉल्यूमबद्दल मला अगदी कळकळीने सांगायचंय. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, पण दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, ९० डेसिबलला आठवड्याला फक्त चार तास उरतात. चांगलं सील असलेल्या इअरफोनचा खरा मोठा फायदा हाच की बाहेरचा गोंगाट अडल्यामुळे लोकलमधे सुद्धा हळू आवाजात ऐकता येतं. ऐकून झाल्यावर कानात टीं असं वाजत राहत असेल तर तुम्ही फार मोठ्याने ऐकताय. आणि इतकं छान बंद होतं म्हणूनच रस्त्यावर चालताना, स्टेशनात, रुळांच्या जवळ दोन्ही इअरफोन काढून खिशात ठेवा, हॉर्न खरंच ऐकू येत नाही. कान वाहत असेल, दुखत असेल तर बरा होईपर्यंत घालूच नका, आणि स्वतःचे इअरफोन टिप न पुसता दुसऱ्याला देऊ नका.

सांभाळणं सोपं आहे. वापर झाला की टिप कोरड्या कपड्याने पुसायची, आठवड्यातून एकदा टिप काढून साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवून लावायची. नॉझलवरची जाळी साफ करताना नॉझल जमिनीकडे धरायचं आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडायचं म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो, सुई टाचणी अजिबात घालायची नाही. बाहेरच्या अंगाला बारीक भोक असतं ते हवेसाठी असतं, त्यावर स्टिकर वगैरे लावू नका. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, दमटपणाने आणि घामाने वायरचं तांबं हिरवं पडतं, जॅकवर थर येतो. वायर बोटांभोवती करकचून गुंडाळू नका, सैल वेटोळं करून ठेवा.

आणि एका बाजूचा आवाज कमी झाला तर लगेच नवीन घ्यायला धावू नका. आधी टिप काढून जाळी बघा, बऱ्याचदा मळच असतो. जाळी स्वच्छ असेल तर डावा इअरफोन उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घालून बघा, कमी आवाज त्याच कानात राहिला तर कानात मळ साठलाय, कानाच्या डॉक्टरांकडून काढून घ्या, घरी काडी घालू नका. कमी आवाज इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर केबलच्या दोन बाजू आपसात बदलून लावा, कमी आवाज आता दुसऱ्या इअरफोनमधून आला तर बहुतेक केबल गेलीय आणि ती नवी मिळते, नाही आला तर ड्रायव्हर गेलाय, बिल काढा आणि वॉरंटीत द्या.